पाखरांच्या नावानं निरोप

भातावर पोपट उतरले म्हणून खूश झालेली सून तुम्ही पाहिली नसेल. एका हंगामात मी ती होते.

मी आणि माझी थोरली बहीण एकाच भावकीत पडलो. आमचे सासरे सख्खे भाऊ. कासार आंबोलीच्या अंगाला दोघांची खाचरं एकमेकांना लागून. माझी हळद उतरते न उतरते तोच मधल्या बांधावरून दोघा भावांची जुंपली. बांध त्यानं सरकवला, असं दोघंही म्हणत. झालं, दोन्ही घरांचं बोलणं बंद. इतकी वर्षं एका चुलीपुढं राबलेल्या दोघी सासवा एकमेकींना बघून पदर पुढं ओढू लागल्या. त्यात बहिणीला दिवस गेलेले, पहिलटकरीण. आणि मी तिला साधं ‘बरं वाटतंय का’ म्हणून विचारायचं नाही! भांडायचं म्हाताऱ्यांनी आणि तोंडं शिवायची आमची. मला भयंकर राग यायचा.

मग आंबेमोहोराचा कोवळा दाणा दुधात आला. सासरे पोपटांना सात पिढ्यांचे वैरी समजत. सासूबाई म्हणत, “पाखरू पोटापुरतं खातं, त्याला का कणगी भरायचीया?” त्यावर सासरे, “मग तुज्या माहेरच्या भातावर सोड त्यास्नी!” शेवटी राखणीला मला खाचरातल्या मचाणावर, माळ्यावर बसवलं. बांधापलीकडच्या माळ्यावर बघते तर बहीण!

मग मी गोफण फिरवून ओरडले, “हाऽऽ हुर्र! पाखरा, खाल्लेलं पोटात ठरतंय का रं?”

पलीकडून आलं, “हुर्रऽऽ! आता ठरतंय! चिंच लई खावीशी वाटती!”

दुसऱ्या दिवशी मी गोफणीतून दगडाऐवजी कोवळ्या चिंचा भिरकावल्या.

हे सासऱ्यांच्या कानावर जायचं. पण पाखरं हाकताना बाया काहीही बरळतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उलट माझं त्यांना कौतुक, आणि कौतुकानंच घात केला. “पोरीचा घसा बसला,” म्हणत त्यांनी खाचरात रॉकेलचे रिकामे डबे टांगले आणि दोरी घराच्या ओट्यापर्यंत आणली. आता मी ओट्यावर बसून दोरी ओढायची. मी चुलीपुढं रडले आणि धुराचं नाव सांगितलं.

सासूबाई भाकरी थापत होत्या. हात धुऊन बाहेर गेल्या. “आवं, डब्याला का डोळं हायेत? चार दिसांत सोकावतील पाखरं. पोरीला जाऊ द्या माळ्यावर.” सासरे कुरकुरले, पण लोंब्यांच्या काळजीनं हो म्हणाले.

मी गोफण घेऊन निघाले, तर सासूबाई मागोमाग दारापर्यंत आल्या. आता आपली खरडपट्टी निघणार, असं वाटलं. त्यांनी ओट्याकडं एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “पाखरांना एक इचार. थोरल्या जाऊबाईंचा गुडगा कसा हाय? चुलीपाशी बसाया येतंय का त्यास्नी?”