सिस्टरांचा दोडका

"कालच्यापेक्षा दोन बोटं जास्त," असं म्हणून सिस्टर उठायच्या आणि पदराला हात पुसायच्या. रोज सकाळी सात वाजता दोडक्याच्या वेलाशेजारी उकिडवं बसून, शेंड्याला बोटं लावून त्या त्याची वाढ मोजत. वाढ मनासारखी असेल तर वर गॅलरीकडे बघून मला सांगत, "पेशंट बरा हाय." मी तोंडात ब्रश असल्यामुळे नुसती मान हलवायचो.

राजारामपुरीतल्या एका मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं, वर एकच खोली. विमा कंपनीत नोकरी लागून मी नाशिकहून कोल्हापूरला आलो तेव्हा ती खोली मला मिळाली. एका बाजूला कोचिंग क्लास, दुसऱ्या बाजूला पाच मजली फ्लॅट. मधल्या तुकड्यात सिस्टरांची भाजी. आयुष्यभर त्यांनी एका नर्सिंग होममध्ये नोकरी केली होती. लग्न केलं नाही. गल्लीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. दूधवाल्यापासून सगळे सिस्टरच म्हणत. कोल्हापूरच्या बऱ्याच जुन्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल ‘मी जातो, मी करतो’ असं बोलायच्या. पहिल्या दिवशी "मी चहा टाकतो, तू बस," असं ऐकून मी घरात आणखी कोण आहे ते बघत होतो.

महाशिवरात्र झाली की त्यांची खरी धावपळ सुरू व्हायची. दोडका, कारलं, दुधी, गवार, भेंडी. प्रत्येक वाफ्यापाशी काठीला एक पुठ्ठा टांगलेला असे आणि त्यावर कागद. ‘कारलं. तिसरं पान आलं. खालची दोन पिवळी. पाणी सकाळी.’ अक्षर अगदी दवाखान्यातल्या केसपेपरवरचं. संध्याकाळी दुधीची पांढरी फुलं उमलली की नराचं फूल तोडून ते मादीच्या फुलाला हलकेच टेकवायच्या. "शेकड्यांनी बाळंतपणं केली," त्या म्हणायच्या, "हे काय अवघड हाय?"

एकदा मी विचारलं, "सिस्टर, एवढं लिहिता, पण वाचतं कोण?"

"ड्यूटी बदलताना पुढची सिस्टर वाचती की."

"इथं पुढची सिस्टर कोण?"

त्यांनी पेन्सिलीचं टोक बघितलं आणि गवारीकडे वळल्या. असे प्रश्न आपण सहज विचारतो आणि विचारल्यावर आपल्याला कळतं, की विचारायला नको होतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी, ऐन फाल्गुनात, मलकापूरहून फोन आला. त्यांच्या धाकट्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला होता. घरात भावजय एकटी. सिस्टर दुसऱ्याच दिवशी निघाल्या. बॅग रिक्षात ठेवली, मग परत आत येऊन मला सगळे वाफे फिरून दाखवले. "सकाळी पाणी. दोडक्याकडं जास्त बघ, फुलावर यायलाय. मी रोज सातला फोन करतो."

संध्याकाळी बरोब्बर सातला फोन यायचा. पहिले आठ-दहा दिवस मी सगळं नीट केलं. बोटं लावून मोजायचो आणि जे असेल ते सांगायचो. मग मार्चअखेर आली. ऑफिसात वर्षअखेरीची गडबड, सकाळी लवकर बाहेर. चार दिवस मी पाणी घालायचं विसरलो. विसरलो म्हणजे, रोज जिना उतरताना आठवायचं आणि उद्या घालू म्हणायचो. त्या वर्षी ऊनही कडक होतं. पाचव्या दिवशी बघितलं तर दोडक्याचा वेल दोरीवर वाळल्या सुतळीसारखा लोंबत होता. कारलं गेलं. दुधीचे वीतभर झालेले दोन भोपळे सुरकुतले होते.

त्या संध्याकाळी फोन आला. "किती?" त्यांनी विचारलं.

"तीन बोटं," मी म्हणालो.

तिथून पुढं मला थांबताच आलं नाही. रोज तीन बोटं. मग फुलं आली. मग पहिला दोडका धरला. त्या विचारत, "कोवळा हाय का? शिरा उठल्यात का?" मी त्याच्या शिराही सांगितल्या. त्या ऐकायच्या आणि मग हळूहळू आपलं सांगायला लागायच्या. भावाला बोलता येत नाही. भावजय कामापुरतं बोलते. घरासमोर सगळी फरशी आहे, एक कुंडी ठेवायला जागा नाही. "इथं मला कुणी काय विचारत न्हाय रे," एकदा म्हणाल्या. "औषध कवा द्यायचं, तेवढं विचारत्यात."

एप्रिलमध्ये एके दिवशी मी ऑफिसातून आलो तर सिस्टर वाफ्याच्या कडेला विटेवर बसलेल्या. कपडे न्यायला आल्या होत्या. समोर वाळलेला वेल. मी जिन्यापाशीच थांबलो.

"ये, बस," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, मी चार दिवस पाणी..."

"ठावं हाय मला. कवाच कळलं होतं. दोडका रोज तीन बोटं वाढत न्हाय. एक दिवस चार वाढतो, एक दिवस नुसता बसतो. तू रोज तीन सांगत होतास."

"मग बोलला का नाहीत?"

वेलाचं एक पान त्यांनी बोटांत चुरडलं. "बोललो असतो तर तू लाजला असतास आणि फोन उचलायचा बंद झाला असतास. मग सातला मी काय केलं असतं?"

त्यांनी वाळलेले वेल ओढून काढले, मी ते कोपऱ्यात नेऊन टाकले. जाताना त्या म्हणाल्या, "आता सांगायला काय राहिलं न्हाय." मी म्हणालो, आता रोज मी फोन करेन, असाच. काही आठवडे केला. पण भाजी नसताना आम्हा दोघांनाही काय बोलायचं ते सुचेना. मग आठवड्यातून एकदा, मग सणासुदीला. पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, मुलगी झाली. सिस्टरांचं खालचं घरही त्यांच्या नातेवाइकांनी भाड्यानं दिल्याचं कळलं.

परवा रत्नागिरीला कामासाठी जाताना मलकापूरला उतरलो. भाऊ जाऊन वर्ष झालं होतं. सिस्टर तिथंच राहिल्या होत्या. कुणी राहा म्हटलं नव्हतं, कुणी जा म्हटलं नव्हतं. भावजयीनं चहा दिला आणि आत गेली. सिस्टर खूप बारीक झाल्या होत्या. माझ्या मुलीचं नाव त्यांनी दोनदा विचारलं. बाकी आम्ही बाहेरची रहदारी बघत बसलो.

मला सोडायला त्या स्टँडपर्यंत आल्या. बस आली, मी खिडकीपाशी जागा धरली. "सावकाश जा," त्या म्हणाल्या. बस वळताना मी मागं बघितलं. त्या घराकडे गेल्या नव्हत्या. प्रवाशांच्या बाकावर, एका पिशव्यावाल्या कुटुंबाशेजारी, त्या नीट सरकून बसल्या होत्या आणि त्यांच्यासारख्याच रस्त्याकडे बघत होत्या. पुढच्या बसनं त्यांनाही कुठंतरी जायचं आहे, असंच कुणालाही वाटलं असतं.