कांडीचं माप

कुणीही नवी वस्तू हातात दिली की मिस्त्री आधी ती उलटी करून बघायचे. मग देणाऱ्याच्या तोंडाकडे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यासमोर आपण उगाच चोरासारखे होतो.

सोलापुरात आमच्या हातमागाच्या कारखान्यात मी कारकून होतो, ते सुतार. मागावर आडवा धागा नेणारा धोटा ते घडवायचे. धोट्यात बसणारी सुताची कांडीही तेच करायचे, पण ती दर कारखान्यात वेगळ्या मापाची. शेजारची आपल्याला चालायची नाही.

एकदा एका कंपनीचा एजंट आला. "सगळ्यांनी आमचंच माप घ्या, कटकट मिटेल." जमलेले कारखानदार खूश झाले.

मिस्त्रींनी कांडी उलटीपालटी केली. "झ्याक हाय. पन ह्याच मापाची मी केली तर चालंल का?"

एजंट हसला. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

"मी इचारलं काय, ह्यो सांगतो काय!"

"मिस्त्री, पोटावर पाय येतो म्हणून बोलताय," मालक म्हणाले. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. मिस्त्री बाहेर गेले. सगळ्यांनी कंपनीचंच माप घेतलं.

दीड वर्षानं कंपनीची कांडी जराशी जाड आली, आमच्या धोट्यांत बसेना. जुनी मिळेना. नवी हवी तर धोटेही आमचेच घ्या, कंपनीवाले म्हणाले. माग थांबले. कांड्या भरणाऱ्या बायका रिकाम्या हातांनी ओट्यावर बसल्या.

मालक स्वतः मिस्त्रींकडे गेले. "तुमचं माप सांगा, सगळीकडे तेच करू. तुमचं नाव देऊ."

"नाव नगं. उद्या माजीबी नियत फिरंल की. आधी चार कारखान्यांत चालवून बघा. इनकर हो म्हनले, तर माप चौकात लावा. ज्याला करायची त्यानं करावी."

तसंच झालं. विणकरांनी दोनदा माप बदलायला लावलं, तिसऱ्यांदा पसंत केलं. लोखंडी पट्टीत त्या मापाची खाच पाडून ती चौकातल्या भिंतीत बसवली. तरी मिस्त्री दर शुक्रवारी नमाजाहून येताना खाचेत बोट फिरवायचे. कुणी कानस मारून खाच वाढवली असेल, हा संशय. एकदा माझेही हात तपासले. मला राग आला होता.

ते गेले त्या साली, भर दुपारी, दोन वेगळ्या कंपन्यांचे एजंट त्या पट्टीपाशी दिसले. एकमेकांकडे न बघता दोघं आपापली कांडी खाचेत घालून बघत होते. मला कचेरीत काम होतं. पण ते दोघं जाईपर्यंत मी तिथून हललो नाही.