अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाचा कागद

माझ्या एमिरेट्स आयडीवर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, व्यवसाय म्हणून ‘हाउसवाइफ’ लिहिलंय. अल कुसैसमधल्या एका लहानशा फुटबॉल अकॅडमीचं ऑफिस मी नऊ वर्षं सांभाळतेय, पण व्हिसा नवऱ्याचा, म्हणून मी हाउसवाइफ. इथे हे असं चालतंच. आमचा ड्रायव्हर कागदावर सेल्समन आहे आणि मैदानाचं गवत राखणारा सुतार. त्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

म्हणून मोल्दोवाचा कोच आला तेव्हा मी फार विचार केला नाही. माणूस चाळिशी उलटलेला, ताडमाड उंच, डावा गुडघा गेलेला. चौदा वर्षं स्ट्रायकर म्हणून खेळला होता. ‘फुटबॉल कोच’ असा व्हिसा काढायचा तर अनुभवाची पत्रं, त्यांवर अटेस्टेशनचे सरकारी शिक्के, सगळी लांबण लागणार होती आणि नवी बॅच तोंडावर आलेली. मालक म्हणाले, “यल्ला मॅडम, जो जल्दी हो जाए वो डाल दो. काम तो वही करेगा ना!” मी ‘मेसेंजर’ टाकलं, म्हणजे पाकिटं पोचवणारा. खलास.

कार्ड हातात पडल्यावर आठवड्याभरात तो तरातरा माझ्या टेबलाशी आला. बँकेतल्या बाईने त्याचं कार्ड बघून विचारलं होतं, कुठल्या कंपनीची पाकिटं घेऊन आलात?

“मॅडम, मी माझ्या देशाकडून खेळलोय,” तो इंग्रजीत म्हणाला. “इथे मी पाकिटं वाटतो?”

मला लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणजे मी आधी चिडते. “कोच, माझ्या कार्डावर हाउसवाइफ आहे. मी रडत बसलेय का?”

“मी पाच क्लबांकडून खेळलो,” तो म्हणाला. “तीन बंद पडले. गुडघा गेला. मी स्ट्रायकर होतो, हे आता कुठे लिहिलंय ते तुम्हीच सांगा.”

त्याच दिवशी मी अनुभवाच्या पत्रांसाठी त्याच्या क्लबांना लिहिलं आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहीना. पोळी लाटताना ईमेल बघ, सिग्नलला ईमेल बघ. नवरा म्हणाला, तुझं काय जातंय? खरंच, माझं काय जात होतं? पण ‘देशाकडून खेळलोय’ हे त्याचं वाक्य मला कुठेतरी टोचत होतं, कारण तसंच एक वाक्य मीही वीस वर्षं ऐटीत सांगत आलेय. मी राज्याकडून खो-खो खेळलेय. सासरी सांगितलंय, इथल्या मंडळाच्या गणपतीत सांगितलंय, आणि माझी मुलगी तर शाळाभर सांगत फिरते.

मी पत्रांमागून पत्रं पाठवली. एका क्लबच्या मैदानावर आता बांधकामाच्या सामानाचा बाजार भरतो, असं कळलं. दुसऱ्याचा फोन एका न्हाव्याच्या दुकानात वाजला. चालू असलेल्या दोन क्लबांनी मात्र पत्रं दिली, आणि शेवटी त्याच्या देशाच्या फुटबॉल कार्यालयातल्या एका बाईंनी जुन्या सामन्याचा हाताने लिहिलेला तक्ता स्कॅन करून धाडला. त्यात याचं नाव होतं, बदली खेळाडूंत. मैदानात आला अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला. देशाकडून तेवढा एकच सामना, आणि त्यातली दोन मिनिटं.

मला हसू फुटलं. एवढ्यासाठी एवढा तोरा! पण मग मी प्रिंटरपाशी उगाच घुटमळत राहिले.

कागद दिला तेव्हा त्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं. “बॉल एकदा पायाला लागला. मी मागे पास दिला.” मग जरा थांबून म्हणाला, “लोकांना मी एवढंच सांगतो की खेळलो. किती, ते कुणी विचारत नाही. पण खेळलो, मॅडम.”

तोही कागद मी फाइलमध्ये सगळ्यांत वर लावला. महिन्याभराने नवं कार्ड आलं, फुटबॉल कोच. शनिवारी सकाळी तो चॉकलेटचा डबा घेऊन ऑफिसात आला. माझी मुलगी त्याच्याच बॅचला आहे. ती दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. त्याने कार्ड आधी तिला दाखवलं, मग मला.

“ही सांगते, तुम्हीही खेळायचात,” तो म्हणाला. “राज्याकडून.”

“येस! नॅशनल्स!” मुलगी खाली मान घालूनच म्हणाली.

त्याने खुर्ची ओढली आणि अगदी आपुलकीने, आपल्यातल्याच कुणाला विचारावं तसं विचारलं, “किती मिनिटं?”

बारा जणींचा संघ होता. नऊ जणी खेळल्या. तिन्ही दिवस मी गुडघ्याला पट्टी बांधून, नाव पुकारतील म्हणून कान टवकारून कडेला बसले होते. त्या माणसाशी मला खोटं बोलवेना.

“एकही नाही,” मी म्हटलं. “मी राखीव होते.”

मुलीचे हात नाडीवरच थांबले.