शॉकअप वलांडीवर

“मिस्त्री, तेल थेंब थेंबच येतंय. अजून किती वेळ?”

चिखल्याच्या भालचंद्रचा त्या सकाळचा हा दुसरा फोन. भालचंद्र होडीवर जाणारा माणूस. जाळं फाटो की होडीचं इंजिन बंद पडो, सगळं स्वतःच करतो. त्यामुळे मोटरसायकलही आपणच खोलू, हे त्याच्या डोक्यात बसलं. मोबाईलवर व्हिडिओ बघितला आणि लागला कामाला.

त्याची जुनी शंभर सीसी गाडी पुढून तेल गाळत होती. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे पाईप असतात, त्यांना आम्ही गॅरेजवाले शॉकअप म्हणतो. आत स्प्रिंग आणि तेल, तोंडाशी रबराचं सील. सील झिजलं की तेल बाहेर, आणि खड्डा आला की गाडी बकरीसारखी उड्या मारते.

मी डहाणूत माझ्या गॅरेजमध्ये दुसऱ्याच गाडीत हात घालून बसलो होतो. फोन खांद्याने कानाला दाबून सांगितलं, “दोन्ही पाईप उलटे टांग. चांगले निथळू देत. तासभर हात लावू नकोस.”

तासाभराने तिसरा फोन. “मिस्त्री, खालचा बोल्ट नुसता गोल गोल फिरतोय. निघत नाय.” मी काही सांगणार तोच मागे आरडाओरडा झाला आणि फोन कुणीतरी हिसकावला.

“मी कमल, यांची बायको. तुम्ही आत्ताच्या आत्ता इकडे या. आल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाय!”

त्यावर ती पाच मिनिटं बोलली. मला एवढंच कळलं, की उद्या तलासरीचा बाजार आहे आणि माझं काही खरं नाही. नवी सील आणि तेलाची बाटली पिशवीत टाकून निघालो.

त्यांच्या घरामागे वलांडी आहे. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायला बांबू रोवून बांधलेल्या आडव्या दोऱ्या. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकलेले. सगळ्यात वरच्या दोरीला, बोंबलांच्या मधोमध, गाडीचे दोन शॉकअप लटकत होते. आणि खालच्या तिन्ही दोऱ्यांवर काळे थेंब.

“अरे, इथे कशाला टांगलेस?”

“मग कुठे टांगू? टांगायचं म्हटल्यावर आमच्याकडे हीच जागा.”

“वास तरी नाही आला तुला?”

“आला ना. मला वाटलं बोंबलाचाच.”

यात त्याचाही दोष नाही. वर्षानुवर्षं पाईपात पडलेलं तेल सडक्या मासळीसारखंच घाण मारतं.

“दोन दिवसांचं ऊन फुकट गेलं माझं,” कमल म्हणाली. “बांधलेली गिऱ्हाइकं आहेत माझी तलासरीला. उद्या त्यांना काय देऊ? आणि जाऊ कशावरून? गाडीचे तर पाय काढून ठेवलेत यांनी.”

“वहिनी, दोन-चार थेंबच आहेत. धुतले की जातील,” मी म्हणालो.

“तुमच्या त्या पाईपात मी खोबरेल घातलं तर चालेल?”

मी पाना हातात घेतला.

आता तो बोल्ट. शॉकअपच्या बुडाशी असतो आणि आतल्या एका नळीत बसतो. बाहेरून बोल्ट फिरवला की आतली नळीही त्याच्याबरोबर फिरते. आटे सुटणार कसे? तिला आतून धरणारा लांब रॉड मी गॅरेजमध्येच विसरलो होतो. हे मी जरा हळूच सांगितलं.

कमलने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आतून घट्ट धरायला काहीतरी पाहिजे, एवढंच ना?”

तिने एक लांब काठी आणली, कोयत्याने टोक तासलं, पाईपात घातली आणि वरून दगडाने दोन ठोके दिले. नळी जागच्या जागी अडकली. कमलने काठी धरली, मी खालून पाना मारला. बोल्ट सुटला. दुसऱ्या पाईपाचाही तसाच. भालचंद्रकडे फक्त वॉशर धरायचं काम उरलं.

दिवस मावळायच्या आत नवी सील बसली, दोन्ही पाईपांत मोजून सारखं तेल गेलं आणि गाडी चाकावर उभी राहिली. तोवर कमल एकेक बोंबील नाकाला लावून निवडत होती. मला एकाचाही वास वेगळा वाटेना. तिला वाटत होता. टोपलीभर बोंबील तिने वाळूत खड्डा करून पुरले. एक शब्द बोलली नाही. मघाचं ओरडणं परवडलं असतं. मला फार वाईट वाटलं.

ती बाजाराला वेळेवर पोचली. पुढच्या आठवड्यात तलासरीचा एक गाडीवाला गॅरेजमध्ये आला आणि मला निरखून म्हणाला, “बोंबलांना ऑईलिंग करणारे मिस्त्री ते तुम्हीच काय?” माल कमी का, हे कमलने गिऱ्हाइकांना खरं खरं सांगितलं होतं. माझ्या नावासकट.

तेल कसं निथळवायचं, हे मी अजूनही फोनवर सांगतो. फक्त आधी विचारतो, खाली काय आहे? परवा कैनाडच्या एकाला विचारलं. पलीकडून आवाज आला, “थांबा हां मिस्त्री, आधी मिरच्या उचलतो.”