आईने भट्टीत टाकलेली डिस्क

हे आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. मैत्रिणीने नाही, आईने तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगते आहे — याला धाडस म्हणायचं का? मला नाही वाटत. आईला वाचता येत नाही. लिहायला बसण्याआधी मी ते मनाशी पक्कं करून घेतलं, हेही सांगून टाकते.

आई वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात काजू फोडते. टरफलांच्या तेलाने तिच्या बोटांची टोकं काळी पडली आहेत. रेशन दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉम्प्युटर शिकते म्हटल्यावर वाडीत कुणाचा मोबाइल अडला, कुणाचा फॉर्म भरायचा असला की लोक आमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात. मला सगळं येत होतं असं नाही. पण ‘येत नाही’ हे दोन शब्द मी कधी उच्चारले नाहीत. आई शेजारी उभी असायची ना — तिचा चेहरा बघून ते शब्द बाहेर पडत नसत.

कुडाळला मार्थाबाई बायकांसाठी एक सल्ला केंद्र चालवायच्या. निवृत्त शिक्षिका. दोन खोल्या, एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर. घरात बोलता येत नाही ते बायका तिथे येऊन बोलायच्या आणि बाई ते टाइप करून ठेवायच्या. दोन वर्षांपूर्वी बाईंची नजर गेल्यासारखी झाली, मुलाने त्यांना गोव्याला न्यायचं ठरवलं. केंद्र बंद झालं. कागद त्यांनी स्वतः परसात बसून जाळले. डिस्क तेवढी राहिली, ती काढायला त्यांनी मला बोलावलं. त्या दिवशी आईही माझ्याबरोबर होती.

बाई म्हणाल्या, “हे नुसतं पुसून जात नाही म्हणे. मोड, जाळ, काय करायचं ते कर — पण कुणाच्या हाती लागता कामा नये. मला तुझ्याशिवाय यातलं कळणारं दुसरं कोण आहे?”

मी मान हलवली. आईनेच मग उपाय सुचवला. कारखान्याचा बॉयलर काजूच्या टरफलांवर पेटतो, त्या भट्टीत लोखंड लाल होतं, तिथे टाकते म्हणाली. बाईंना ते फार पटलं.

आता — इथून पुढे जरा सावकाश सांगते.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क त्याच महिन्यात बंद पडली होती. प्रोजेक्ट तोंडावर आलेला. बाईंची डिस्क चांगली होती, निरोगी होती. मी माझी मेलेली डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळीने बांधली आणि आईच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. आईने ती नेली, भट्टीत टाकली. संध्याकाळी येऊन कसा वास सुटला, कसा निळा जाळ झाला ते हात करून सांगितलं. मग बाईंना फोन लावायला सांगितला. “बाई, माझ्या हातांन घातलंय भट्टीत. काळजी करू नकात.” मी शेजारीच होते. फोन माझ्याच हातात होता.

बाईंची डिस्क मी फॉरमॅट केली. रिकामी दिसली. बाईंनी सांगितलेलं मला आठवत नव्हतं का? आठवत होतं. आणि माझ्या प्रोजेक्टचा विषय काय होता, सांगू? पुसलेल्या फायली परत कशा मिळवायच्या.

तुम्ही म्हणाल, मग तुला कळायलाच हवं होतं. हो. कळत होतंच.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी माझा पेन ड्राइव्ह चालेना. सर म्हणाले, दुसरं काही असेल तर त्यावर दाखव. प्रोजेक्टचं सगळं बाईंच्या डिस्कवर होतं, म्हणून ती काढून पिशवीत आणली होती, केबलसकट. मी जोडली आणि पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम चालवला. पडद्यावर आधी माझी चित्रं आली, नोट्स आल्या. मग एकेक नाव येऊ लागलं — मार्थाबाईंनी प्रत्येक फाईलला त्या-त्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव दिलं होतं. वर्गात कुणीतरी टाळी वाजवली. आमच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसणारी, इंग्रजी अडखळत वाचणारी. माझ्यासाठी टाळी कधी वाजली नव्हती.

सर म्हणाले, “उघडते का बघ एखादी.”

तेव्हा केबल ओढता आली असती. माझं चित्र उघडता आलं असतं. विचार करायला वेळ होता हो — चार-पाच श्वासांएवढा. मी वरचं पहिलं नाव दाबलं. सुनंदा.

सुनंदामावशी आईशेजारी बसून काजू फोडायची. आईहून दहा वर्षांनी लहान, आईची जीवाभावाची. दोन मुली झाल्यावर तिने सासरी न सांगता तांबी बसवून घेतली होती. सासू मुलाची वाट बघत देवदेव करत होती आणि मावशी गप्प होती. पडद्यावर ते सगळं होतं, मोठ्या अक्षरांत, अर्धं मिनिट. मी फाईल बंद केली. सरांनी पुढच्या मुलाला बोलावलं. पण तिसऱ्या बाकावर मावशीच्या सासरची पुतणी बसली होती.

आठवड्याच्या आत मावशीला माहेरी, आरोंद्याला धाडलं. धाकटी तिच्याबरोबर गेली. थोरलीला सासरच्यांनी ठेवून घेतलं, शाळा बुडते म्हणून. बातमी कुठून आली ते सासूने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुतणीही बोलली नाही. आम्ही दोघी अजून एकाच एसटीने कॉलेजला जातो.

मावशीने तांबीचं सांगितलं होतं ते केंद्राबाहेर फक्त माझ्या आईला. आईच तिला कुडाळला घेऊन गेली होती. माहेरी जायच्या आधी मावशी आमच्याकडे आली. तिचा पहिला संशय कॉम्प्युटरवर होता, बाईंनी काही ठेवलं असेल का म्हणून. आणि आईने — माझ्या खरं बोलणाऱ्या आईने — तो संशय स्वतःच पुसून टाकला. बाईंना बोल लागू नये म्हणून. “तां मी माझ्या हातांन जाळलंय गो. तेची राख पण रवाक नाय.”

मावशीने सरळ विचारलं.

“मगे वयनी, तुका सोडून कोणाक म्हायत होतां?”

उत्तर दाराआड उभं होतं.

पुढच्या सोमवारी आईनेच मावशीला देवळात बोलावलं. आमच्याकडे माणसाचं बोलणं संपलं की देवाकडे गाऱ्हाणं घालतात. गुरव देवाला हाक मारून मागणं मागतो, आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ते आपलं म्हणून स्वीकारायचं. आईने नारळ ठेवला. गुरवाने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ह्या दोघी लेकी आज तुझ्या पायाकडे इल्यात. हेंच्यातली गोष्ट जेणां कोणी भायर काढल्यान आसात, तेका तू समोर हाडून उभो कर रे म्हाराजा.”

आई म्हणाली, “व्हय म्हाराजा.” खणखणीत. तिला भीती कसली?

मीही म्हणाले.

मावशी काहीच म्हणाली नाही. पाया पडली आणि आरोंद्याच्या गाडीला निघून गेली. त्यानंतर ती आईशी बोललेली नाही.

डिस्क मी नंतर नष्ट केली. आता मला सगळं येतं. आधी तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत दुसरंच काहीतरी लिहिलं, तीनदा. मग स्क्रू काढून आतल्या चकत्या बाहेर काढल्या. आरशासारख्या असतात त्या, चेहरा दिसतो. खिळ्याने खरवडल्या, हातोड्याने मोडल्या. कुणाला काही वाचता येणार नाही आता. बाईंनी सांगितलं होतं तसंच — फक्त मावशी माहेरी गेल्यानंतर महिनाभराने.

मी इथे थांबले असते. इथवरचं ऐकून तुम्हाला वाटलं असतं, पोरगी होती, चूक झाली, घाबरली. पण सांगायला बसले होते ते हे नव्हे.

गाऱ्हाण्यानंतर आई स्वतःलाच तपासू लागली. कारखान्यात कधी बोलता बोलता काही गेलं का, दवाखान्यात, लग्नात, विहिरीवर. रोज नवं काहीतरी आठवायची आणि खोडून काढायची. एका सकाळी चुलीपुढे भाकरी थापता थापता तिने मला विचारलं, “मी निजेत बडबडतंय काय गो?”

तिला खरंच विचारायचं होतं. तिचा हात थांबला होता. मी डबा भरत होते, एसटीची वेळ झाली होती. नाही म्हणाले असते तर तिने पुन्हा शोध सुरू केला असता, आणि शोधता शोधता ती कधीतरी त्या वर्तमानपत्राच्या पुडक्यापर्यंत आली असती. हे सगळं मी त्या वेळी विचार करून ठरवलं. घाईत निघून गेलं तोंडून, असं नाही.

म्हणाले, “कधी कधी.”

तिने मान डोलावली. भाकरी तव्यावर टाकली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही, शोधही थांबला.

तेव्हापासून आई कुणाच्या घरी वस्तीला राहत नाही. मामाच्या मुलीच्या लग्नाला सगळ्यांनी हात धरला, तरी संध्याकाळच्या गाडीने परत आली. घरात पाहुणे असले की ती मागच्या पडवीत एकटीच अंथरूण घालते आणि मधलं दार ओढून घेते. वारा लागतो, दार उघडं ठेव म्हटलं तर म्हणते, नको.

आतून कडी मी लावते. तीच सांगते लावायला.