फक्त वहिनींसाठी

रोहिणखेडहून मुंबईला निघाले त्या दिवशी बैलांची दमणी दारात जुंपून उभी होती आणि वहिनीने मला स्वयंपाकघराच्या दारात अडवलं. "बाई, पयलं बाळंतपण हाय. मले माहेरी जाऊ द्या म्हना ना आत्याबाईले. तुमचं ऐकतीन त्या." आत्याबाई म्हणजे माझी आई. बाहेर बाबा हाका मारत होते, मलकापूरला गाडी चुकेल म्हणून. मी म्हटलं, तिकडून लिहीन. आईशी दोन शब्द बोलायला असा कितीसा वेळ लागला असता!

मुंबईत समाजसेवेच्या वर्गात नाव घातलं. अर्जावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' वाचून कारकुनाने मला नखशिखांत न्याहाळलं. तिथल्या इंग्रजी पुस्तकांत होतं की घरातलं भांडण म्हणजे कुणा एकाच्या मनातली गाठ. त्याला एकटं बसवा, मोकळं करा. माझ्या डोक्यात वारंच शिरलं. वहिनीला चार पानी पत्र लिहिलं: आईला भिऊ नका, दादाला घेऊन वेगळी चूल मांडा. वर ठळक अक्षरांत, 'फक्त वहिनींसाठी'.

वहिनीला वाचता येत नव्हतं. आमच्याकडे आलेलं पत्र बाबाच ओसरीवर सगळ्यांना बसवून खणखणीत आवाजात वाचत. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? शहाणपणाच्या भरात विसरले. बाबांनी 'फक्त वहिनींसाठी'सुद्धा मोठ्याने वाचलं. आईने दोन दिवस अन्न सोडलं, दादा वहिनीवर बरसला, आणि माहेरी जायचं नाव पुन्हा निघालं नाही. दिवाळीला गेले तेव्हा तान्हं मांडीवर घेऊन वहिनी एवढंच म्हणाली, "येगळी चूल कोनं मांगतली होती, बाई? माहेर मांगतलं होतं."

आज घराघरांतली भांडणं मिटवणं हेच माझं काम आहे. तक्रार एकीची आली तरी मी सतरंजी अंथरून सगळ्या घराला बसवते आणि आधी विचारते, तुम्हाला नक्की काय हवं? आमच्या साहेबांना हे पटत नाही. "ही पद्धत कोणत्या पुस्तकातली?" दर आठवड्याला तेच. काय सांगू, कपाळ! वहिनीचं माहेरपण हिरावून शिकले, हे अहवालाच्या कोणत्या रकान्यात भरू? त्यांचा राग येतो, त्याहून जास्त माझा येतो.

गावाकडचे तुम्ही सगळे भेटलात की विचारता, घराची आठवण येते का. माझं पत्र अजून ओसरीवरच वाचलं जातं. त्यात खुशालीच्या चार ओळी असतात, दुसरं लिहायचा धीर होत नाही. दादा सांगतो, बाबांनी पाकीट फोडलं की वहिनी उठून परसात जाते. घर म्हटलं की मला तीच दिसते, माझं पत्र ऐकायचं नाही म्हणून उठून जाणारी.