साहेब हळू वाजवतात

जगात ज्या ज्या गोष्टीला वेग आहे, तिचा वेग चुकलेला आहे, आणि तो नेमका किती चुकलाय हे फक्त आमच्या आतोबांना कळतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लिंबायतच्या एका गल्लीत पत्र्याच्या माडीवर राहतात. उभी हयात त्यांनी सुरतेच्या पॉवरलूमवर जॉबर म्हणून काढली. बिघडलेला माग दुरुस्त करणं हे जॉबरचं काम, पण आतोबांना माग बिघडायची वाट बघायला सवड नसे. सगळे माग एकदम खडखडत असताना ते दारात उभे राहून सांगत, की तिसऱ्या रांगेतला खिडकीकडचा माग दमलाय, आणि तासाभरात तो माग खरोखर बसकण मारी. त्या खडखडाटाने कानांचं व्हायचं ते झालंच. हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, आणि मोठ्याने बोललेलं सोयीचं असेल तेवढंच येतं, असं आत्या म्हणते. वेग मात्र त्यांना हाडांत ऐकू येतो.

माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा गृहस्थ अक्षता हातात धरून भटजींजवळ गेला आणि तिसरं कडवं पहिल्यापेक्षा पळतंय, असं सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा हलक्या आवाजात सांगून आला. भटजींनी घाबरून चौथं इतकं लांबवलं, की आमचे दोघांचेही हात भरून आले. एकदा आम्ही रिक्षाने उधन्याला निघालो होतो. आतोबांनी रिक्षावाल्याला सांगितलं, की तुझं इंजिन अधूनमधून एक ठोका खातंय. तो गुजरातीत काहीतरी पुटपुटला, त्याचा अर्थ चांगला नव्हता. पुढच्या सिग्नलला रिक्षा बंद पडली. मग आतोबांनी बाह्या सरसावून ती स्वतःच सुरू करून दिली आणि आम्हाला अर्धा तास उशीर झाला. पण मला सगळ्यात आवडतो तो भाकरीचा किस्सा. एका सकाळी आत्या आत भाकरी थापत होती आणि आतोबा बाहेर पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून ते उठले, आत गेले आणि तिच्या कपाळाला हात लावला. आत्याला ताप होता. तिला स्वतःला तो दुपारी कळला असता. बायकोला ‘बरं वाटतंय ना’ असं या माणसाने जन्मात विचारलेलं नाही. त्यांना तिची थाप ऐकू येते, तेवढं पुरतं.

अशा माणसाच्या घरात एक विलायती व्हायोलिनवाला शिरला, ही नशिबाचीच गंमत. कारखान्याच्या शेठने जुनं घर सोडलं तेव्हा अडगळीतला रेकॉर्ड प्लेअर आतोबांना दिला, आणि त्यावर अडकून राहिलेली एक तबकडीही. पुढे एक व्हायोलिन आणि मागे साठ-सत्तर वाजवणारे, असलं ते काम. त्याला कॉन्चेर्तो म्हणतात, हे मला मागाहून कळलं. कव्हरवर डोळे मिटून हनुवटीखाली व्हायोलिन धरलेला एक टकलू गृहस्थ आहे. त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून तो आमच्या घरात ‘साहेब’ झाला. प्लेअरचा पट्टा तुटलेला होता. आतोबांनी कारखान्यातला रबराचा तुकडा कापून, चिकटवून दुसरा पट्टा केला आणि साहेब लिंबायतमध्ये वाजू लागले.

ऐकायला यायचे मास्तर. हे आतोबांचे गाववाले, नवापूरकडचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. दर रविवारी चारच्या चहाला ते गुडघे धरत जिना चढत आणि साहेबांचा मधला, संथ भाग लागला की दोघांचं जुंपत असे. मास्तरांचं म्हणणं, साहेब फार हळू वाजवतात. या चालीने वरात निघाली तर नवरा मांडवात पोचेपर्यंत नवरीला नातवंडं होतील. आतोबांचं म्हणणं, ही वरात नाही, या माणसाचं कुणीतरी गेलंय. मास्तर म्हणत, गेलं असेल, पण गेलेल्यालाही स्मशानात वेळेवर न्यावं लागतं. मग आतोबा गावाकडच्या बोलीतलं आपलं ठेवणीतलं वाक्य काढत, “मास्तर, रडाले टाईम लागस.” त्यावर मास्तर, “रडस कोठे? तो झोपी जायेल शे.”

दोघांच्याही कानांची परिस्थिती सारखीच असल्यामुळे हा वाद गल्लीच्या तोंडापर्यंत पोचत असे. एका नव्या भाडेकरूने तर भांडण सोडवायला म्हणून वर धाव घेतली होती. त्याला चहा पाजून, खुर्ची देऊन मत विचारण्यात आलं. तो बिचारा ‘दोन्ही बरोबर’ म्हणाला आणि दोघांच्याही मनातून उतरला. एकदा मास्तर पुरावा म्हणून क्लॅरिनेट घेऊन आले. त्यांनी साहेबांच्या सुरात सूर मिळवून पाहिला आणि जाहीर केलं, की साहेबांचा सूर चांगलाच उतरलेला आहे. आतोबांनी जराही न डगमगता सांगितलं, की तिकडे थंडी फार, थंडीत तारा उतरतात. आत्या आतून म्हणाली, “एक म्हणतो पळ, एक म्हणतो थांब. त्या साहेबाने करायचं तरी काय?”

मी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका रंगाई कारखान्यात ऑफिसात असतो. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर काहीबाही चाळताना अचानक तेच टक्कल दिसलं. तेच कव्हर, तीच मिटलेली डोळ्यांची जोडी. मी ऐकलं आणि डबा तसाच राहिला. साहेब हळू वाजवतच नव्हते. सूरही उतरलेला नव्हता. आतोबांचा घरगुती पट्टा ढिला होता, तबकडी रेंगाळत फिरत होती, आणि मास्तर इतकी वर्षं बरोबर सांगत होते.

असला शोध लागल्यावर माणसाने गप्प बसावं, पण मी त्यातला नाही. रविवारी साडेतीनलाच पोचलो आणि आतोबांच्या कानाला फोन लावला. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, फोन परत दिला, उठले आणि शिलाई मशिनचा खण उघडला. आत प्लेअरचा कोरा पट्टा होता. वरची प्लास्टिकची पिशवी पिवळी पडलेली होती.

“तुले काय वाटनं, माले समजस नही?” ते म्हणाले. “मास्तरनी बायको गयी तवय हाऊ पट्टा आना मी. पन हाऊ लावा ते मास्तर ‘बराबर शे’ म्हनई आनि घर चालना जाई. घर कोन शे त्यानं?”

जो माणूस माग दमलेला दारातून ओळखतो, त्याला तबकडी रेंगाळलेली कळणार नाही, असं मला वाटलं होतं. मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात जिन्यावर मास्तरांच्या चपला वाजल्या आणि आतोबांनी खण लावून टाकला. त्या दिवशी वादात ते अंमळ जास्तच जोरात होते.

या उन्हाळ्यात मास्तरांच्या बाहेरगावी राहणाऱ्या मुलाने कडोदऱ्याला घर घेतलं आणि वडिलांना न्यायचं ठरवलं. कडोदरा काही फार लांब नाही, पण मास्तरांच्या गुडघ्यांना ते परदेशच. शेवटच्या रविवारी मी गेलो तेव्हा आतोबा प्लेअर उघडा टाकून बसले होते. कोरा पट्टा चढवलेला होता. माणसाला घराबाहेर पाठवताना वादात हरवून पाठवू नये, असं काहीतरी ते आत्याला सांगत होते.

मास्तर आले, चहा झाला, तबकडी लागली. साहेब झपझप, स्वच्छ, वरच्या सुरात वाजले. आम्ही तिघं मास्तरांच्या तोंडाकडे बघत होतो. संपल्यावर आतोबा म्हणाले, “मास्तर, पट्टा ढिला व्हता. तूच बराबर व्हता.” हे वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल.

मास्तरांनी कव्हर हातात घेऊन साहेबांकडे बघितलं. मग त्यांनी मान हलवली.

“इतली घाई कसाले?” ते म्हणाले. “रडाले टाईम लागस.”

आतोबा उठले, त्यांनी कोरा पट्टा काढला आणि जुना ढिला पट्टा परत चढवला. त्यांच्या हातांना एवढ्याशा कामाला इतका वेळ लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तो संथ भाग मग आम्ही दोनदा ऐकला, आणि त्या माडीवर पहिल्यांदाच वाद झाला नाही. मला ते मुळीच आवडलं नाही. आत्यालाही नसावं, कारण तिने न विचारता पुन्हा चहा टाकला.

आता रविवारी चारला कडोदऱ्याहून फोन येतो. आतोबा फोन प्लेअरजवळ ठेवतात, तबकडी लावतात आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात. संथ भाग संपला की फोनमधून मास्तरांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू येतो, की आज तर साहेबांनी फारच हळू वाजवलं. आतोबांचा चेहरा उजळतो आणि ते बाह्या सरसावतात. माझ्या फोनमध्ये साहेबांचं बरोबर वेगाचं वादन अजून आहे. सचिनहून घरी येताना मी ते कधी कधी लावतो, पण पुरं ऐकवत नाही. साहेब कुणाला तरी मागे ठेवून निघाले आहेत, असं वाटत राहतं.